अर्धा दरवाजा

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, पण एक गोष्ट लिहून ठेवा: मशीन मी बरोबरच निवडलं होतं! घोळ झाला तो दुसरीकडे. मोठा झाला, आख्ख्या सोसायटीसमोर झाला, सगळं मान्य. पण मशीन? एकदम बरोबर. बसा, चहा येतोय, तोवर सांगतो.

गाडीला पॉलिश मारायचं मशीन घ्यायचं डोक्यात आलं आणि मी तीन महिने दुसरं काही केलं नाही. ऑफिस पवईला. जेवणाच्या सुट्टीत सगळे जेवतायत आणि मी मोबाइलवर पॉलिशचे व्हिडिओ बघतोय. या मशीनचे मुख्य प्रकार दोन. एक रोटरी, म्हणजे नुसतं गरगर फिरणारं. जरा हात थांबला की तिथला रंग तापून जळतो. दुसरं ड्युअल ॲक्शन. ते फिरतंही आणि फिरताफिरता थरथरतंही, त्यामुळे एका जागी तापत नाही. नवशिक्याने कुठलं घ्यावं? सांगा ना तुम्हीच!

पण साकीनाक्याच्या दुकानदाराला हे कोण सांगणार?

"साहब, ये तो मसाज मशीन है," तो म्हणाला. "मर्द लोग रोटरी लेते हैं."

"मर्द लोगों की गाडी का कलर जाता है," मी म्हणालो. "वो मसाजवाला पॅक करो."

घरी आलो तर सुजाता, म्हणजे आमची बायको, खोक्याकडे बघत उभी. "घरातला मिक्सर दोन महिने गळतोय, त्याचं काही नाही. आणि हा गाडीसाठी मिक्सर आणलास?"

तिचं एक वेळ चालेल. खरी आग लावली सुर्वे काकांनी. हे आमच्या घाटकोपरच्या सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी लिहिलं, 'पार्किंगमध्ये असली मशिनं चालवता येणार नाहीत. ओल्या फडक्याने जे होतं तेच यानेही होतं.'

ओलं फडकं! तीन महिन्यांचा अभ्यास आणि ओलं फडकं! मीपण लिहिलं, 'रविवारी अकरा वाजता सगळ्यांनी खाली या. माझ्या गाडीचा अर्धा दरवाजा पॉलिश करून ठेवतो. फरक दिसला नाही तर मशीन कायमचं माळ्यावर!' बेचाळीस अंगठे आले. माघार घ्यायची सोय राहिली नाही.

आता आमचं पार्किंग समजून घ्या, सगळी गंमत तिथेच आहे. जागा कमी, म्हणून गाड्या एकामागे एक. माझी आत भिंतीला, सुर्वे काकांची बाहेर, माझी वाट अडवून. दोघांच्या चाव्या वॉचमन यादवच्या केबिनमध्ये. मला ऑफिसला जायचं तर आधी यादवने काकांची गाडी काढायची, मग मी निघायचं. चार वर्षं रोज सकाळी हेच. त्यात दोन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या, दोन्ही गडद निळ्या, कारण मी जुनी गाडी घेताना काकांचीच बघून घेतली होती. वर कव्हरं एकसारखी करडी. तीही काकांनीच अख्ख्या सोसायटीसाठी एकगठ्ठा घेतलेली.

एक आनंदाची बातमी मात्र होती. काका गाडी विकायला निघाले होते. रविवारीच चार वाजता मुलुंडहून गिऱ्हाईक यायचं होतं. म्हणजे मशीनही जिंकणार आणि वाटही मोकळी! असा रविवार कोणाच्या नशिबात असतो?

सकाळी आठला खाली उतरलो. खांब आणि गाडी यांच्यामधून पोट आत ओढून शिरलो. कव्हर फक्त ड्रायव्हरच्या बाजूने वर गुंडाळलं, दरवाजाच्या बरोबर मध्यावर उभी चिकटपट्टी लावली आणि मशीन सुरू केलं. काय सांगू, लोण्यासारखं चाललं!

सुजाता चहा घेऊन आली तेव्हा मी कडीजवळचा एक ओरखडा बघत होतो.

"हा बघ. तुझ्या पर्सच्या चेनने केलेला."

"मी कधी ड्रायव्हरच्या बाजूने बसले रे?"

"मग काय आपोआप आला? गाडी माझी आहे, मला तिचा इंच न् इंच माहितीये."

हे वाक्य मी बोललो. स्वतःच्या तोंडाने.

अकराला पंचवीसतीस माणसं जमली. मी चिकटपट्टी सर्रकन ओढली. अर्धा दरवाजा जुनाट, अर्धा आरसा! पोरं त्यात तोंड बघून दात दाखवायला लागली. सुर्वे काका पुढे आले, चष्मा कपाळावर सरकवला, तळवा फिरवला.

"च्यायला मिलिंद," काका म्हणाले, "मानलं रे तुला. झकास! माझे शब्द मागे."

इथे थांबलो असतो तर? पण नाही! मला राहवेना. "आता आख्खी गाडी बघा म्हणजे कळेल आधी काय अवस्था होती," असं म्हणून मी कव्हर एका झटक्यात ओढून काढलं.

मागच्या काचेवर लिहिलं होतं, 'आईचा आशीर्वाद'. माझ्या काचेवर काहीच लिहिलेलं नाही.

यादव पुढे झाला. "साब, आपने बोला था ना, संडे को काम करना है. तो कल रात मैंने आपकी गाडी बाहर लगाई, खुली जगह में. काका की अंदर."

बाहेरची गाडी मोकळ्यावर, चारी बाजूंनी हात फिरेल अशी उभी होती. आणि मी तीन तास खांबाला पाठ घासत होतो.

"पर्सची चेन ना?" सुजाता हळूच म्हणाली.

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मेल्या, चारला गिऱ्हाईक येतंय! अर्धा दरवाजा नवाकोरा बघून तो काय म्हणेल? ॲक्सिडेंट झाला, दरवाजा रंगवून घेतला, हेच ना?"

"काका, मी बिघडवलं काहीच नाही, सुधारलंय!" माफी? कशाला मागू?

"मग सगळी सुधार!"

सुधारली! छप्पर, बॉनेट, चारही दरवाजे. एक्स्टेन्शनची वायर धरून स्वतः सेक्रेटरी माझ्यामागून फिरत होते, पार्किंगमध्ये मशीन चालवता येणार नाही म्हणणारे! जेवण नाही, पाणी नाही. पावणेचारला मशीन बंद केलं तरी हात थरथरतच होते, अर्धा चहा बशीत गेला. पण गाडी! अहो, ती गाडी बघून मला स्वतःचा हेवा वाटला.

गिऱ्हाईक आलं. एक फेरी मारली आणि म्हणालं, "काका, मागाल ते देतो."

माझ्या डोळ्यांसमोर मोकळी वाट दिसायला लागली. पण काकांनी गाडीला एक चक्कर मारली. मग दुसरी. मग बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"रिटायर झालो तेव्हा घेतली," ते म्हणाले. "शोरूममधून काढली त्या दिवशी अश्शीच दिसत होती रे. तुझी काकू आणि मी थेट गणपतीपुळ्याला गेलो होतो." मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग ते गिऱ्हाइकाकडे वळले. "माफ करा. विकायची नाही."

"काका!" मी ओरडलोच. "शब्द दिलाय ना त्यांना? असं कसं?"

"तुला काय त्रास? तुझं मशीन जिंकलं ना?"

जिंकलं. ग्रुपवर काकांनी स्वतः लिहिलं की मशीन उत्तम आहे, मिलिंदची निवड अचूक आहे आणि पार्किंगमध्ये ते चालवायला सोसायटीची हरकत नाही. बेचाळीस अंगठे पुन्हा आले.

यादवने त्याच संध्याकाळी गाड्या जागच्या जागी लावल्या. माझी आत, काकांची बाहेर. काका आता तिच्यावर कव्हरसुद्धा घालत नाहीत, म्हणतात लोकांना दिसू दे. त्यामुळे रोज सकाळी साडेआठला, ऑफिसला उशीर होत असताना, यादव चावी शोधेपर्यंत मी माझी वाट अडवणाऱ्या त्या दरवाजासमोर उभा असतो आणि मला माझं तोंड लख्ख दिसतं. कडीजवळ ओरखडासुद्धा नाही.

मशीन बरोबरच निवडलं होतं हो मी!