सांडलेला लाल डबा

मला राग येतो तो आधी नमिताचा, मग कमळाकरशेठचा, आणि सगळ्यात जास्त मालूचा.

मालू आमच्या जोह्याच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखते. शेजारी कोणी शिंकलं तरी तिची रेघ हलत नाही. नमिता तिची बालमैत्रीण. आता मुंबईत बसून टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहिते. वयात येणाऱ्या दोन मैत्रिणींची फजिती, असा विषय. पेणपासून रोह्यापर्यंत घरोघर बघतात.

परवाच्या भागात मालू नावाचीच मुलगी गणपती रंगवता रंगवता पहिल्यांदा 'बाजूला' होते. तिची हुशार मैत्रीण लाल रंगाचा डबा लाथाडते आणि डाग लपवते. लोक पोट धरून हसले.

अहो, सगळं उलटं आहे! मी तिथेच होते, तेव्हा दुसरीत शिकत होते. डाग पडला होता नमिताच्या स्कर्टला. कळलं असतं तर तिला हाकललं असतं, तिने हात लावलेल्या मूर्ती वेगळ्या काढल्या असत्या. डबा लाथाडला मालूने, दोघींच्या अंगावर. रंग नासला म्हणून बापाचा मारही तिनेच खाल्ला. वर नमिताने तिला गणपतीची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही.

तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक कमळाकरशेठ म्हणाले, "मालू, यंदा आखणी नको. गिऱ्हाईक काय म्हणेल? तू साचे धू."

वीस वर्षांपूर्वीचा डाग, तोही नमिताचा! मी तोंड उघडणार, तोच मालूने माझा दंड दाबला. "गप गो प्रणिता. शपथ हाय."

"आणि तिने काय केलं?"

"तिचं ती बघंल. शपथ मी घेतलीय."

माझं डोकंच फिरलं. असल्या चांगुलपणाला काय जाळायचंय?

दुपारी ती साचे धूत असताना नमिताचा फोन आला. हात ओले, म्हणून मीच स्पीकर लावून धरला.

"मालू, रागावली नाहीस ना गो? विनोद आहे तो. आणि ऐक, पुढच्या भागांसाठी आपल्या अजून गमती सांग ना. तुला सगळं आठवतं."

मालू साचा घासत राहिली. मग म्हणाली, "नाय ओ बाई. मला कायपण आठवत नाय."

पलीकडून नमिता हॅलो हॅलो करत होती. मालूने पुढचा साचा ओढून घेतला.