कोपरा फाडलेलं पाकीट

बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर दोघांना आडवं ठेवलं होतं. मासे धरणारा ढिवर मेला होता. शेजारी बाई पालथी घातली होती आणि तिच्या तोंडातून पाणी येत होतं. लोक पाळीवर उभे राहून हसत होते. मोठ्याने नाही, तोंडाला पदर-दुपट्टा लावून. ते हसणं मी विसरले नाही आणि माफही केलेलं नाही.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी नागभीडकडच्या एका ठाण्यात महिला शिपाई होते, सातवी शिकलेली. बाईमाणसाचा जबाब घ्यायचा असला की मला पाठवायचे. एरवी दारातल्या स्टुलावर.

खबर पोलीस पाटलाने आणली. "साहेब, भानगड हाय. बाई विधवा, बौद्ध वस्तीतली. हा ढिवर लेकराबाळांचा. दोघं संगंच बोडीत गेले." ठाणेदारांनी अकस्मात मृत्यूचा मर्ग दाखल केला आणि पंचनामा होण्याआधीच स्टेशन डायरीत कारणही लिहून टाकलं: अनैतिक संबंध. मला म्हणाले, "शुद्धीवर आली की एवढंच वदवून घे."

दवाखान्याच्या पायरीवर ढिवराची बायको बसली होती. तिने माझं मनगट धरलं. "बाई, खरं सांगजो. माह्या मानसाचं तिच्यासंग काई होतं का?" नवरा मेल्याचं रडणंसुद्धा लोकांनी तिच्याकडून हिसकून घेतलं होतं. मी म्हटलं, "विचारून सांगते."

आतली बाई डोळे उघडून छताकडे पाहत होती.

"काऊन उडी टाकली?"

"मरू दे ना मले."

"मरशील मग. आधी सांग."

"पोरगी गेली माही. नागपुराले शिकत होती. तिच्या मरनाचं पत्र आलं."

"कोणी वाचलं?"

"वाचाले काय पायजे? कोपरा फाडला होता."

आमच्या भागात मयतीच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवत. असं पत्र घरात नेत नसत, बाहेरच फाडून फेकत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ही खूण कळते.

गावचं पोस्ट शाळेतले गुरुजीच चालवत. बाई म्हणाली, "गुरुजीनं खिडकीतून पाकीट देल्लं. म्या म्हनलं, वाचून द्या. तं म्हने, इंग्रजीत हाय, मंग ये. मान खाली घातली. माह्याकडं पाह्यलंच नाई. मी समजली."

"आणि ढिवर?"

"तो जाळं टाकून राह्यला होता. मले काढाले आला. म्या त्याच्या गळ्याले मिठी मारली, सोडलीच नाई." मग ती भिंतीकडे वळली.

पायरीवर जाऊन मी ढिवराच्या बायकोला हे शब्द जसेच्या तसे सांगितले. तेव्हा कुठे ती मोठ्याने रडली.

बाईच्या घराच्या काट्याच्या कुंपणात आतल्या पत्रासकट पाकिटाचे दोन तुकडे सापडले. इंग्रजी मला येत नव्हतं. नागपूरला बिनतारी संदेश केला, तर पोरगी वसतिगृहात धडधाकट. दुसऱ्या दिवशी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने आली. आईला पाहिलं, मग जमिनीवर तुकडे जुळवून वाचले. परदेशातल्या विद्यापीठाने तिला घेतलं होतं, फीसुद्धा माफ. वर्षभर तिने फॉर्म भरले होते, दाखल्यांच्या नकलांवर सह्या मिळवल्या होत्या, इंग्रजीच्या परीक्षेसाठी मुंबईला जाऊन आली होती. सुट्टीत वसतिगृह बंद, म्हणून पत्ता गावचा दिला होता. येते की नाही ते कळवायला आठ दिवस उरले होते.

आई म्हणाली, "दूर देशी म्हनत होती तं मले वाटलं भिलाईच्या पलीकडं असंल."

कोणी हसलं नाही.

जुळवलेल्या पाकिटाचा गेलेला कोपरा टपाल तिकिटाचाच होता. मी जमादाराला घेऊन शाळेत गेले. गुरुजींच्या कपाटात हजेरीपटाखाली तिकिटांची वही होती. परदेशी तिकीट, मागे पाकिटाचा कागद तसाच चिकटलेला. तुकड्याला लावून पाहिला, बरोबर बसला.

"छंद आहे, बाई. कोणाचं काय नुकसान?"

"माणूस मेला, गुरुजी."

"भिजवून काढायला वेळ नव्हता. वर्ग चालू होता."

"गावात किती वर्षं झाली?"

"अकरा."

"कोपऱ्याचं ठाऊक नव्हतं?"

त्यांनी वही मिटली.

"मान खाली का घातली?"

"वाटलं, तिकिटाचं विचारते."

त्यांच्या चोरट्या लाजेला ती बाई दुःख समजली. एक वाक्य बोलले असते, पत्र परदेशातून आलंय, पोरीला दे, तर काही झालं नसतं. पण तिकीट कुठे गेलं हे सांगावं लागलं असतं. टपालाच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला. काही महिने निलंबन, मग दुसरी शाळा. तिथेही लोक पाया पडत असतील.

ठाणेदारांनी डायरीतला शेरा खोडला नाही. डायरीत खोडता येत नाही म्हणे. खाली नवी नोंद केली. मी समोर उभी राहून सही करून घेतली आणि पुढचे सहा महिने रात्रपाळी भोगली.

पोरगी म्हणत होती, "मी नाही जात." आईने खाटेवरून तिला झापलं. "आता नाई कशी जात? तुह्या पत्रापाई मानूस मेला. जा." पोरीने नागभीडला जाऊन तार केली.

या तपासाने मला एकच शिकवलं. बाई मेली किंवा मरायला निघाली, की गाव आधी पुरुष शोधतं आणि पोलीस तेच लिहितात. त्या दिवशी तिच्या हातात काय आलं, हे कोणी विचारत नाही. तेव्हापासून मी आधी तेच विचारत आले. शिकलेल्यांना तर दोनदा विचारलं.

पोरगी गेली, शिकली. बाई जगली. ढिवर गेला.