ते गाणं नव्हतं, हाळी होती

शाल खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला आणि माहितीपटवाले सर माईकमध्ये म्हणाले, “आता ही आपल्याला ते गाणं प्रत्यक्ष म्हणून दाखवणार आहे.”

टाळ्या पडल्या. भोरमधलं मंगल कार्यालय. पुढच्या गादीच्या खुर्च्यांवर पुण्याहून आलेले पाहुणे. मधल्या रांगांत माझी माणसं, म्हणजे आई, आबा, चुलता आणि वाडीतल्या बाया. त्यांच्यामागं कॉलेजची पोरंपोरी. सगळे माझ्याकडं बघत होते.

ते गाणं नव्हतं. माझी चुलती गेली त्या सकाळी मी कड्यावरून दिलेली ती हाळी होती.

आमची वाडी तोरण्याच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या धारेवर. गवळी धनगरांची थोडीशी घरं, म्हशी, काही शेळ्या. मोबाईलला रेंज मिळते ती एका कातळावर, तीही वाऱ्याची मर्जी असली तर. समोरच्या धारेवर आमच्या भावकीची दुसरी वाडी आणि मधे दरी. काही कळवायचं झालं की बाया कड्याच्या टोकाला उभ्या राहून हाळी देतात. म्हैस चुकली, पाहुणे आले, खालून येताना औषध आणा. हाळी म्हणजे नुसतं ओरडणं नसतं. आधी पलीकडच्या घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव लांबवून घ्यायचं. मग थांबायचं. वारा पडू द्यायचा. मग एकच गोष्ट सांगायची. तिकडून ओ आली तरच पुढचं.

मरणाची हाळी वेगळी. तिच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. मेलं, वारलं असला शब्द येत नाही. “हातातलं टाका, या गं, समद्या या,” एवढंच. पण सूर खाली खाली येत जातो आणि ऐकणाऱ्याला कळतं. ती हाळी कानावर आली की बसून राहायचं नसतं. जेवणारा ताटावरून उठतो. म्हातारी असली तरी भिंतीला धरून उभी राहते. हे कुणी शिकवत नाही, पोरं बघून बघून शिकतात.

माझा आवाज हाळी देऊनच तयार झाला. त्याला वळण लावलं ते रेडिओनं. आबांचा रेडिओ गोठ्यातल्या लाकडी मेढीला टांगलेला असायचा. सकाळी धारा काढताना बातम्या लागायच्या. बातम्या वाचणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा चेहरा मी आजवर पाहिलेला नाही. पुराची बातमी असो की बक्षिसाची, त्या घाई करायच्या नाहीत. वाक्य शेवटपर्यंत नीट सांभाळून न्यायच्या. ऐकणारा कुठं बसलाय, त्याच्या अंगावर काय आहे, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. गोठ्यातल्या मला आणि बंगल्यातल्या माणसाला त्या एकच आवाज द्यायच्या. मला त्यांच्यासारखं बोलायचं होतं. मी शेण काढता काढता म्हशींना बातम्या सांगायचे. आई म्हणायची, “म्हशीला बातम्या ऐकवून दूध वाढतं व्हय गं?”

पुढं वेल्ह्यात शिकायला राहिले, हातात मोबाईल आला आणि माहितीपट बघायचं वेड लागलं. मिठागरात राबणाऱ्यांवर, वीटभट्टीवरच्या बायांवर माहितीपट करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. ते समोरच्या माणसाबरोबर जमिनीवर बसायचे. प्रश्न विचारायचे आणि गप्प राहायचे. समोरचा थांबला तरी गप्प. मग तो माणूस जे बोलायचा ते पोटातलं असायचं. शेवटी ते सगळ्यांची नावं स्वतःच्या तोंडानं घ्यायचे. नाव, गाव, काम. मी ते बघायचे आणि मनात म्हणायचे, आपल्याकडंही असं कुणीतरी येऊन बसलं पाहिजे. नाहीतर मग आपणच बसलं पाहिजे.

ते बोलून दाखवलं की लोक हसायचे. गॅदरिंगचं सूत्रसंचालन मागितलं तर मला पाहुण्यांना गुलाबाची फुलं द्यायला उभं केलं. मी फुलं दिली.

शिक्षण संपलं आणि तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले. तिथंच सर आले. पुण्याचे, माहितीपट करणारे. परवानगीच्या कागदांच्या प्रती काढायच्या होत्या. म्हणाले, डोंगरातल्या वाड्यांवर फिल्म करायचीय, वाट दाखवणारं कुणी आहे का? मी मशीन थांबवलं. मी त्यांना हाळीपासून रेडिओपर्यंत सगळं एका दमात सांगितलं. ते कौतुकानं ऐकत राहिले. म्हणाले, “अरे वा! मग निवेदन तुझ्याच आवाजात करू.”

वाडीवर जाऊन मी हेच सांगितलं. आवाज माझा असणार आहे. आबा त्या संध्याकाळी सगळ्यांच्या घरी जाऊन सांगून आले.

मी काम केलं. जीव तोडून केलं. वाटा दाखवल्या, माणसं बोलती केली. सरांच्या बरोबर एक निवेदिका होती. मऊ बोलायची, चढ लागला की धापा टाकायची आणि बहुतेक वेळ खालीच गाडीत बसायची. प्रश्न मी विचारले. जमिनीवर बसून, त्या म्हाताऱ्या गृहस्थांसारखे. लोक माझ्याशी बोलले, कारण मी त्यांची होते. एकदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिले तर सर म्हणाले, “तू पंजाबी ड्रेसमध्ये नको. लुगडं नेसून ये आणि बोलू नकोस, नुसती चाल.” माझ्या आईनंही आता रोज लुगडं नेसायचं सोडलंय. तरी मी पेटीतलं काढून नेसले आणि चालले. निवेदन आहे ना आपल्याकडं, म्हटलं, एवढं चालून टाकू.

त्यातच एका सकाळी ठकूकाकी गेली. माझी सख्खी चुलती. पहाटे छातीत दुखायला लागलं. खाली न्यायचं म्हणजे डोली करून न्यायचं, आणि पुरुष माणसं दूध घालायला गेलेली. ती परत येईपर्यंत काकी थांबली नाही. आई तिच्याजवळ बसली होती. मला म्हणाली, “जा, तू दे.”

मी कड्यावर गेले आणि हाळी दिली. सरांची माणसं थोड्या अंतरावर डोंगराचं शूटिंग करत होती. आवाज घेणाऱ्यानं तो केसाळ माईक माझ्याकडं वळवला. मला दिसलं. मी थांबले नाही. मला वाटलं, हे साक्षीला आहेत. नंतर मीच जाऊन सांगितलं की घरात मयत झालंय, आज काम नाही. सरांनी मान खाली घातली. सामान आवरून ते गेले. मला त्या दिवशी ती माणसं भली वाटली होती.

निवेदनासाठी बोलावणं काही आलं नाही. फोन केला की, “बघतोय, कळवतो.” मग एकदम निमंत्रणच आलं. पहिला खेळ भोरला, वाडीतल्या सगळ्यांनी यायचं. आम्ही वेल्ह्याहून जीप करून निघालो. कापूरव्होळला चहा घेतला. बायांनी ठेवणीतली पातळं नेसली होती. एक जण म्हणाली, “आता मोठ्या पडद्यावर आमच्या पोरीचं बोलनं ऐकायचं.” निवेदनाचं बोलावणं आलंच नव्हतं हे न सांगता मी हसले.

दिवे गेले. डोंगर दिसला. आणि आवाज आला तो निवेदिकेचा. गाडीत बसलेल्या बाईचा. मी विचारलेले प्रश्न कापून टाकले होते. माणसं हवेत बोलल्यासारखी बोलत होती. मी लुगडं नेसून चालत गेले, खाली नाव नव्हतं. मी तेही गिळलं. म्हटलं, नेहमीचंच आहे, गुलाबाची फुलं द्यायची.

मग ती हाळी आली.

माझा आवाज बारीक केला होता, त्यावर बासरी लावली होती आणि वरून निवेदिका सांगत होती, “या निरागस माणसांना दुःख ठाऊक नाही. डोंगरच त्यांना गाणी शिकवतो.”

अंधारात आई उठून उभी राहिली. मग आबा. मग चुलता, ज्याची बायको गेली होती तो. मग सगळ्या बाया. कुणी कुणाकडं बघितलं नाही. हाळी ऐकली, उठले. मागून पोरं ओरडली, “ओ मावशी, खाली बसा ना!” एक कार्यकर्ता बॅटरी घेऊन आला. म्हणाला, “बसा, बसा. मागच्यांना दिसत नाही. फोटो नंतर काढू.” चुलत्यानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. हाळी पडद्यावर संपेपर्यंत एकही माणूस बसला नाही.

दिवे लागले आणि मला स्टेजवर बोलावलं. तिथवर मी समजत होते की मयत माहीत असलं तरी ती हाळी त्याचीच होती हे यांना कळलंच नसेल. मरणाचा शब्द नाही, मग बाहेरच्याला कसं कळणार? म्हणून शाल घालताना मी सरांना हळूच सांगितलं, “सर, ते गाणं न्हाई. काकी गेली त्या दिवशीची हाळी हाय ती.” इतकी वर्षं घासलेलं माझं बोलणं त्या क्षणी गावावर आलं.

सर माईक बाजूला धरून म्हणाले, “माहितीये गं मला. पण लोकांना कशाला सांगायचं? मूड जातो.” आणि मग माईक तोंडाशी नेऊन त्यांनी ते गाणं म्हणून दाखवण्याचं जाहीर केलं.

तर मी स्टेजवर उभी होते. माहीत होतं त्यांना. माझं डोकं एकदम थंड झालं. राग आला असता तर मी रडले असते आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या. मी माईक घेतला. मला त्या रेडिओवरच्या बाई आठवल्या. घाई करायची नाही. वाक्य शेवटपर्यंत न्यायचं.

मी म्हटलं, “मी हे गाणार नाही. हे गाणं नाही. तोरण्यामागच्या आमच्या वाडीत ठकूबाई या माझ्या चुलती वारल्या. त्यांच्या छातीत दुखत होतं. वाडीपर्यंत गाडी येत नाही. त्यांना खाली नेता आलं नाही. त्यांच्या मरणाची खबर मी समोरच्या वाडीला दिली, ती तुम्ही आत्ता ऐकलीत. मधे उभी राहिली होती ती त्यांच्या घरची माणसं. ती फोटोसाठी उभी नव्हती. या माहितीपटातले प्रश्न मी विचारले आहेत आणि—”

निवेदिकेनं हसत हसत माझ्या हातातून माईक काढून घेतला. “ती भावुक झालीय,” असं म्हणाली आणि पुढच्या सत्काराचं नाव पुकारलं. झालं. एवढंच. कुणी उठलं नाही, कुणी ओरडलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि परत ठेवला. मी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, नारळ त्यावर ठेवला आणि खाली उतरले.

जीपमध्ये नसरापूर मागं पडल्यावर आई म्हणाली, “तूच आनलंस न्हवं त्यांना.” चुलता म्हणाला, “तिला नगा बोलू वहिनी. तिनं गेलेलीचं नाव तरी घेतलं.” मग तो रडला. काकी गेल्यापासून पहिल्यांदा.

ती फिल्म अजून मोबाईलवर दिसते. खाली लोक लिहितात, किती गोड आवाज, किती साधी माणसं. मी तक्रारीचं लिहिलं, ते काढून टाकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा काढलं. सरांनी माझा नंबर ब्लॉक करून ठेवलाय. मी अजून झेरॉक्सच काढते. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. खरं सांगायचं तर मी थकलेय. रोज नव्यानं चिडायला अंगात ताकद लागते.

मधे मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे माहितीपट परत पाहिले. संशयानं पाहिले. यांनीही कुणाला असं फसवलं असेल का? एका ठिकाणी वीटभट्टीवरची बाई पोराबद्दल बोलता बोलता तोंड फिरवते आणि ते कॅमेरा बंद करायला सांगतात. पडदा काळा होतो. ते म्हणतात, “यापुढचं त्यांनी सांगितलं नाही.” आधी हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी ते परत परत पाहिलं.

आता सुट्टीच्या दिवशी मी वाडीवर जाते आणि मोबाईलवर माणसांशी बोलते. सुरुवातीला नाव, गाव, काम. प्रश्नही माझ्याच आवाजात. जे सांगू नको म्हणतात ते सांगत नाही. बघणारे थोडे, त्यातले निम्मे नात्यातले. कुणी दखल घेतलेली नाही. घेतील असं वाटतही नाही.

परवा दुकानात आणखी एक जण प्रती काढायला आला. मोठी बॅग, चांगलं बोलणं. म्हणाला, डोंगरातल्या लोकांवर करायचंय, वाट दाखवाल का? मी विचारलं, “निवेदन कोण करणार?” तो म्हणाला, “ते नंतर ठरवू.” मी म्हटलं, “आधी ठरवा. कागदावर लिहा. काय ठेवलं, काय कापलं, ते दाखवल्याशिवाय बाहेर जाणार नाही, हेही लिहा.” तो हसला. म्हणाला, “एवढं कुणी करत नाही हो.”

मी त्याच्या प्रती त्याच्या हातात दिल्या आणि वाट सांगितली नाही.

जाईल तो. दुसरं कुणीतरी दाखवेल. पण मी नाही. आमच्याबद्दल बोलायचं असेल तर आमच्यापैकी कुणीतरी बोलेल, आणि ते बोलणं कापायला माझ्यासमोर बसावं लागेल. हे होईस्तोवर माझ्या आवाजाचा एक श्वासही कुणाला मिळणार नाही.