रजनीताईंचा रविवार

मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या सौंसरच्या तहसीलीजवळ रजनी बनसोड यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांसाठी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. जमिनीचे उतारे, जातीचे दाखले, पोरांच्या मार्कशीट, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. शनिवारी दुपारी मात्र मशीनमधून वेगळेच कागद निघतात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. रविवारच्या उपासनेची वाचनं आणि गाणी.

सौंसर, पांढुर्णा आणि मधली गावं धरून पंधरा-सोळा कॅथलिक घरं आहेत. चर्च नाही. भाड्याची एक खोली आहे, भिंतीवर क्रूस, एका कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या. फादर छिंदवाड्याकडून महिन्याच्या शेवटच्या रविवारी येतात आणि मिस्सा, म्हणजे फक्त धर्मगुरूच करू शकतात तो मुख्य विधी, करतात. उरलेले रविवार लोकांनी आपले आपण चालवायचे. ते गेली नऊ-दहा वर्षं रजनीताई चालवतात.

त्यांच्याकडे हे काम येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, त्यांना स्वतःला तर नाहीच.

रजनी नागपूरची. वडील चर्चमध्ये गायनाचे प्रमुख, घरात रोज संध्याकाळी जपमाळ. सुमेध बनसोड सौंसरचा, बौद्ध, शाळेत बाबू. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये ओळख झाली आणि २००३ साली दोघांनी कोर्टात लग्न केलं. वडिलांनी एकच वाक्य सांगितलं, "आता चर्चमध्ये तोंड दाखवू नको." ती मुकाट सौंसरला आली. सासरी कोणी काही बोललं नाही, उलट सासूने तिच्या क्रूसासाठी भिंतीला खिळा ठोकून दिला. पण चर्च नव्हतं, वडिलांचा शब्द कानात होता, आणि सहा वर्षं ती कुठेही गेली नाही.

एके दिवशी दुकानात थॉमसकाका आले. मूळचे केरळचे, सौंसरला बँकेत होते. त्यांनी गाण्याच्या एका पानाच्या वीस प्रती मागितल्या. मशीन चालू असताना रजनी नकळत ते गाणं गुणगुणायला लागली.

"येते तुम्हाला हे गाणं?" काकांनी विचारलं.

"येत होतं."

"रविवारी दहा वाजता आमच्याकडे म्हणतो आम्ही. या."

निघालेल्या प्रती तिने जुळवून ठेवल्या. मग म्हणाली, "काका, माझं लग्न चर्चमध्ये झालं नाही."

"मी लग्नाचं विचारलं नाही," काका म्हणाले. त्यांनी कागद उचलले आणि गेले.

त्या रविवारी ती गेली. दोन वर्षं सगळ्यात मागे बसायची आणि फादर आले की कम्युनियनच्या वेळी, म्हणजे प्रसादाची भाकर घ्यायच्या वेळी, मान खाली घालायची; चर्चबाहेर लग्न केलेल्यांना ती मिळत नाही. फादरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी बोलावून विचारलं, या लग्नाला बिशपांकडून परवानगी मिळू शकते असं समजावलं. घरी येऊन तिने सुमेधला सांगितलं.

"मले काय करावं लागन?" सुमेधने विचारलं.

"काही नाही. तू हायेस तसाच राहायचं. सही करायची, आणि माझ्या धर्माच्या आड येणार नाही असं सांगायचं."

"आजवर कधी आलो का आड?"

"नाही."

"मंग सही करतो."

त्याच खोलीत, सतरंजीवर उभं राहून, मुलगी पल्लवी पाच वर्षांची असताना त्यांचं लग्न पुन्हा लागलं आणि चर्चच्या वहीत चढलं. सुमेध बौद्धच राहिला. दर रविवारी तो रजनीबरोबर येतो, सतरंज्या अंथरतो, पिण्याचं पाणी भरून ठेवतो आणि विहाराकडे निघून जातो.

२०१६ मध्ये थॉमसकाका निवृत्त होऊन केरळला गेले. जाताना खोलीची किल्ली त्यांनी रजनीच्या हातात दिली. पांढुर्ण्याच्या लोबोकाकांना ते आवडलं नाही. लोबोकाका रेल्वेचे निवृत्त गार्ड, वयाने सगळ्यांत मोठे, वाचनं तोंडपाठ. किल्ली आपल्याकडे येईल अशी त्यांची समजूत होती. पण पांढुर्णा तिथून बसने तासाभरावर, दर वेळी आधी येऊन खोली कोण उघडणार? तरी ते येत राहिले. फक्त रजनीताई वाचायला उभ्या राहिल्या की चष्मा काढून पुसत बसायचे.

खरी अडचण २०२२च्या पावसाळ्यानंतर आली. सौंसरजवळच्या बोरगावच्या कारखान्यांत छत्तीसगडमधल्या जशपूरकडची बरीच मंडळी कामाला लागली होती. त्यातली नऊ जणं एका रविवारी उपासना संपता संपता खोलीच्या दारात उभी राहिली. पुढे सुशीला कुजूर नावाची बाई होती, पस्तिशीची, पायात कारखान्याचे बूट तसेच.

"दीदी, हम लोग कैथोलिक हैं," ती म्हणाली. "आज शिफ्ट जल्दी छूटी. मिस्सा हो गया क्या?"

मिस्सा नव्हतीच, आणि जी उपासना होती तीही झाली होती. रजनीताईंनी लोकांना परत बसवलं आणि शेवटची प्रार्थना पुन्हा म्हणायला लावली. लोबोकाकांनी घड्याळ पाहिलं. त्यांची बस चुकली.

पुढच्या महिन्यात रजनीताईंनी वेळ बदलून दुपारी चारची केली. शिफ्टवाल्यांना ती सोयीची होती. एक गाणं हिंदीत आलं, मग दोन. डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या रविवारी, सुशीलाच्या लोकांनी मांदर आणला, त्यांच्याकडचा गळ्यात अडकवायचा ढोल. छोटी खोली घुमायला लागली. शेजारच्या छायाबाई, ज्यांच्या दुकानात तेल-साखर मिळते, त्या दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या.

गाणं संपल्यावर लोबोकाका उठले. "रजनी, ही उपासना आहे. मेळा नाही. आम्ही चाळीस वर्षं इथं मराठीत प्रार्थना करून राहिलो. आता वेळ यांची, भाषा यांची, वाजवणंही यांचं. आमचं काय उरलं?"

सुशीलाला मराठी फारशी कळत नव्हती, पण बोट कोणाकडे आहे ते कळलं. तिने ढोलावर कापड टाकलं.

त्यानंतर लोबोकाका आले नाहीत. जानेवारीचे तीन रविवार वाट पाहून रजनीताई बसने पांढुर्ण्याला गेल्या. स्टेशनच्या पलीकडे त्यांचं छोटं घर. त्यांच्या बायकोने, लुसीकाकूंनी दार उघडलं, चहा ठेवायला आत गेल्या. काका खुर्चीत बसून होते.

"काका, वेळेचं चुकलं माझं," रजनीताई म्हणाल्या. "तुमच्या बसचा विचार करायला पाहिजे होता."

"वेळेचं नाही ते."

"मग?"

काका म्हणाले, "तू आम्हाला शिकवतं का, कोणाला आत घ्यावं ते? तुझा स्वतःचा नवरा दारातून परत जाते. आधी घरातलं पाह्य."

काकू चहा घेऊन आल्या. रजनीताईंनी तो घेतला, कप धुवायच्या जागी नेऊन ठेवला आणि निघाल्या. बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी पदराने डोळे पुसले. एवढी वर्षं वडिलांचं जे वाक्य विसरलं असं वाटत होतं, ते काकांच्या एका वाक्याने वर आलं होतं.

घरी सुमेधला त्यांनी सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यही लपवलं नाही.

"खरं बोलले ते," सुमेध म्हणाला. "जातोच मी दारातून परत. पण सतरंजी कोण अंथरते, हे नाही सांगितलं तू त्यायले?"

रजनीताईंना हसू आलं, रडता रडता.

"आमच्या विहारात माइक कोणी धरावा यावरून दोन वर्षं झाली, दोन भाऊ बोलत नाहीत," तो म्हणाला. "माणसं अशीच असतात. मले वाईट वाटन म्हणून तू तिथं जाणं सोडू नको. म्हाताऱ्याले एकटं पाडू नको."

दोन दिवसांनी फोन आला. लुसीकाकूंचा होता.

"रजनी, तू महिन्यातून एक रविवार आमच्याकडे ठेव ना प्रार्थना. दुसरा रविवार ठेव. सगळ्यायले घेऊन ये."

"काकू, काका काय म्हणतील?"

"त्यायले मी विचारलं नाही. घर माझंही आहे. गुडघ्यामुळे मी वर्षभर कुठं गेली नाही, त्याचा कोणी विचार केला का? त्या पोरीलेही आण, ढोलवाल्या."

फेब्रुवारीत जमलं नाही; मार्चच्या दुसऱ्या रविवारी सौंसर आणि बोरगावची मिळून चौदा माणसं बसने पांढुर्ण्याला गेली. लुसीकाकूंनी समोरच्या खोलीतली खाट उभी करून जागा केली होती. काका आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं, पण ते बाहेर आले नाहीत. सुशीलाने ढोल आणला नव्हता. सगळे हळू आवाजात गायले, परक्या घरात गातात तसे.

शुभवर्तमान वाचायला सुशीला उभी राहिली. डोंगरावर येशूचं रूप पालटलं, तो भाग ती हिंदीत वाचू लागली. चारेक ओळी झाल्या असतील, तेवढ्यात आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि लोबोकाका दारात उभे राहिले.

"हे मागच्या रविवारचं आहे," ते म्हणाले. "आज उपवासकाळाचा तिसरा रविवार. आज विहिरीवरच्या बाईचं वाचन आहे."

रजनीताईंनी कागद पाहिला. तारीख जुनी होती. शनिवारी घाईत मागच्या आठवड्याचीच फाइल छापली गेली होती. इतकी वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासून देणाऱ्या बाईच्या हातून हे झालं होतं.

"चुकलं माझं, काका," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आहे का पुस्तक?"

काकांना पुस्तक लागत नव्हतं, तरी त्यांनी आत जाऊन आणलं. चष्मा लावला आणि मराठीत वाचायला सुरुवात केली. येशू थकून विहिरीशी बसतो, यहुदी ज्यांच्या हातचं घेत नसत त्या शोमरोनी लोकांतल्या बाईकडे पाणी मागतो, आणि ती म्हणते, तुम्ही यहुदी असून माझ्याकडे पाणी कसं मागता? तिथे काकांनी चष्म्यावरून सुशीलाकडे पाहिलं. पुढचं वाचन लांब होतं, ते त्यांनी एका दमात संपवलं. मग पुस्तक सुशीलापुढे धरलं. "हिंदी में है क्या तुम्हारे पास? तो पढ़ो. मराठी इनको कहाँ समझा होगा."

सुशीलाच्या पिशवीत हिंदी बायबल होतं. तिने तेच वाचन पुन्हा केलं. तेवढा वेळ लोबोकाका उभेच होते, मग कोणीतरी सरकून जागा दिली आणि ते सतरंजीवर बसले.

चहाच्या वेळी त्यांनी सुशीलाला विचारलं, "गाँव कौन सा?"

"जशपुर के पास, अंकल."

"स्टेशन रायगढ़ लगता है. जवानी में मैं बिलासपुर में था." आणि मग गाड्यांवर बोलणं निघालं ते बस यायची वेळ होईपर्यंत थांबलं नाही. निघताना ते म्हणाले, "ढोल लाना. पर धीरे बजाना. यहाँ दीवार पतली है."

माफी त्यांनी कधी मागितली नाही. पण मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला, उन्हातान्हाचं, काका आणि काकू दोघं बसने सौंसरला आली आणि रिक्षा करून बनसोडांच्या दारात उतरली. काकांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

"सुमेध," ते म्हणाले, "तुमच्या विहारात बाहेरच्या माणसानं बसलं तर चालते का?"

"खीर संपायच्या आत बसा म्हणजे झालं," सुमेध म्हणाला आणि काकूंना आधार द्यायला पुढे झाला.

विहारात काका भिंतीला टेकून तासभर बसले. वंदना चालू असताना त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. रजनीताई बायकांमध्ये होत्या, तिथून त्यांना ते दिसत होते.

आता दुसरा रविवार पांढुर्ण्याचाच आहे. कारखान्यातली चार माणसं मधल्या काळात काम सोडून गावी परतली, नवी तीन आली. थॉमसकाकांच्या वेळची दोन घरं अजूनही हिंदी गाण्यांवर कुरकुर करतात आणि तरी येतात. सौंसरच्या खोलीत उपासना आता तीन वाजता असते, म्हणजे शिफ्टवाल्यांना थोडी धावपळ होते आणि लोबोकाकांना शेवटच्या बसची चिंता राहत नाही. कोणाचंच पूर्ण मनासारखं झालेलं नाही.

शनिवारी कागद छापून झाले की रजनीताई पहिली प्रत फोनवर फोटो काढून लोबोकाकांना पाठवतात. दहा मिनिटांत उत्तर येतं. बहुतेक वेळा फक्त "बरोबर." कधी एखादी वेलांटी चुकलेली असते, मग त्या पुन्हा छापतात.