बाथरूमची शेड

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी गेली वीस वर्षं शेड जुळवतो. म्हणजे गिऱ्हाईक चिंधीएवढा कापडाचा तुकडा आणून देतं, म्हणतं, अस्साच रंग चढवून द्या. आणि त्या चिंधीत लाल किती, पिवळा किती, निळ्याची झाक तरी आहे का, हे मी डोळे बारीक करून सांगतो. या डोळ्यांची मला फार घमेंड. भाजीवाल्याकडे टोमॅटो उचलूनही मी "यात पिवळा जरा जास्त झालाय" म्हणतो, आणि बायको चार पावलं पुढे जाऊन अनोळखी बाईसारखी उभी राहते.

असल्या माणसानं स्वतःचं बाथरूम कसं केलं असेल? पांढरं. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, कमोड पांढरं, बादलीसुद्धा शोधून पांढरीच आणली. दिवसभर रंग पाहून शिणलेल्या डोळ्यांना निदान अंघोळीपुरता विसावा हवा, हे माझं तत्त्वज्ञान.

त्या तत्त्वज्ञानावर माझी माय आपटली.

ती गावाहून डोळ्यांच्या इलाजासाठी आमच्याकडे आलेली. पडद्याचा आजार. गेलेली नजर परत येणार नाही, पण दर महिन्याला सुरतेत इंजेक्शन घेतलं तर आहे ती टिकेल, असं डॉक्टर म्हणालेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाथरूममध्ये गेली, कमोडचा अंदाज घेतला आणि त्याच्या वीतभर डावीकडे बसली. थेट फरशीवर. आम्ही धावलो. हाडं शाबूत होती.

"लागलं का माय?"

"लागनं नही रे. पन हाई तुनं बाथरूम शे का दूधनं पातेलं? माले काहीच दिखत नही."

त्या दिवसापासून बायको तिला हात धरून न्यायची आणि दाराबाहेर थांबायची. मायनं दोन दिवस ते चालवून घेतलं. मग सोमवारी तिनं पिशवी भरायला घेतली. येत्या रविवारी माझा मामेभाऊ गावी जाणार होता, त्याच्याबरोबर जाते म्हणाली. मी इंजेक्शनचं बोललो, तर लुगड्याची घडी घालता घालता म्हणाली, "मी काय मरापावत सूनना हात धरीसन मोरीमा जाऊ? गावनी मोरी मना पायले पाठ शे."

ती गेली की इलाज थांबणार, आणि इलाज थांबला की उरलेला उजेडही जाणार, हे तिलाही कळत होतं. तरी ती घड्या घालत होती.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "भिंतींना चांगला ठसठशीत, उबदार रंग द्या. पांढरी वस्तू उठून दिसेल." बस्स! वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी डॉक्टर माझ्या खात्यातलं बोलला होता. मी मिलमध्ये पॉलिस्टरचे चौदा तुकडे रंगवले आणि शेड तपासायच्या उजेडाच्या पेटीखाली पारखून आणले: विटकरी, हळदी, आंब्याचा, शेंदरी, डाळिंबी. बाथरूमच्या भिंतीवर टाचण्यांनी अडकवले. बायकोनं डोकावून विचारलं, "भिंत रंगवताय की तिला ब्लाऊज शिवताय?"

मी विटकरी नक्की केला. गुरुवारी पेंटर आला, उत्तरेकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं पहिला हात मारला आणि मी दारात मागे हात बांधून उभा राहिलो. ओल्या भिंतीवर रंग नेमका माझ्या तुकड्यासारखा दिसत होता. इथंच माझ्यातला शेडवाला जागा झाला. कापड ओलं असताना गडद दिसतं, सुकलं की एक पायरी उतरतं. कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात मार खाऊन शिकलेला धडा तो. मी म्हणालो, "आणखी गडद करा. सुकल्यावर उतरेल."

"सेठ, ये कपड़ा नहीं है. दीवार सूखके गहरी होती है."

"वीस वर्षं हेच करतोय भाई. डालो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रंगात मिसळायच्या लाल स्टेनरची अख्खी बाटली डब्यात ओतली. मी म्हणालो, "और थोडा." त्यानं दुसरीही ओतली, आणि ती ओतताना त्याच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मला तेव्हा कामाची आवड वाटला.

शुक्रवारी सकाळी मी दार उघडलं. भिंत सुकली होती, आणि रंग एक नाही, तीन पायऱ्या चढला होता. जुन्या रक्तासारखा, काळपट. चारही भिंती अंगावर आल्या. बायको आली, तिनं आत पाहिलं आणि चप्पल काढली.

"हे काय?"

"गाभाऱ्यात चपला घालून कसं जायचं, अहो?"

माय भिंत चाचपत आली. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "लाईट लाव ना रे."

"लागलेलाच आहे, माय."

ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, इतकी हसली, की आल्यापासून तिचं असं हसू मी ऐकलं नव्हतं. मी मात्र कोपऱ्यातल्या पिशवीकडे पाहत होतो. शुक्रवार उजाडला होता, रविवार दोन दिवसांवर.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "पन कमोड दिखस हां. दात दिखतस तसं. बाकी सम्दा अंधार."

बायकोनं तेव्हा मला तो प्रश्न विचारला, जो चौदा तुकडे अडकवताना मला एकदाही सुचला नव्हता. "दिसायचं कुणाला आहे? तुम्हाला की मायला? मग त्यांना विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. ज्याला कमी दिसतं त्याला रंग काय विचारायचा, हे मी न बोलता ठरवून टाकलं होतं. लाज वाटली, आणि ती कुठल्या शेडची होती ते सांगायची माझी तयारी नाही.

पेंटरला परत बोलावलं. त्यानं पुठ्ठ्यांवर रंगांचे पट्टे ओढले. या वेळी मी तोंड न उघडता ते पंख्याखाली खडखडीत सुकवले. मायला बाथरूमच्या दारात स्टुलावर बसवलं आणि पेंटर आत एकेक पुठ्ठा भिंतीला लावू लागला.

"हा?" मी विचारलं.

"मळकट."

"आणि हा?" हा माझा लाडका डाळिंबी.

"तठे काही शे का?"

सातव्या पुठ्ठ्याला ती पुढे वाकली. बोट उचलून हवेत त्याच्या चारही कडा बरोबर आखल्या. "हाऊ. हाऊ माले दिखस." पिकलेल्या पपईचा, उघडावाघडा केशरी. मिलमध्ये कुणी असली शेड आणली असती, तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता. पेंटर म्हणाला, "माजी की नज़र पक्की है." हे बोलताना त्यानं माझ्याकडे मुळीच पाहिलं नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

मग माय फर्मानं सोडू लागली. कमोडच्या मागची भिंत राहू दे काळीलाल, पांढरं तिथंच खुलतं. बाकी तीन पपईच्या. धरायला कमोडशेजारी एक दांडी, तिच्यावर पिवळा पट्टा. फरशीवर कमोडपुढे गडद पायपुसणं. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळं झालं. सुकल्यावर काय होतं ते पाहायचा मोह आवरून मी रात्रभर दार उघडलं नाही.

रविवारी सकाळी माय उठली. बायकोनं सवयीनं हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला आणि आत गेली. मी दाराशी कान लावून उभा.

"तठे कसाले उभा शे?" आतून आवाज आला. "मी काय चोरी करी राहिनू का? जाय तथा!"

मी गेलो. म्हणजे दोन पावलं. आतून कडी लागली. बादलीत पाणी पडलं, मग तांब्याचा आवाज, मग ती काहीतरी गुणगुणत होती. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं, केस ओले, आणि कुणाचाही हात धरलेला नव्हता.

नऊ वाजता मामेभावाचा फोन आला, तयार आहेस का म्हणून. फोन तिनं स्वतः मागून घेतला.

"आता मी नही येत," ती म्हणाली. "तूच ये इकडे. आमनं बाथरूम दखाले ये."