मागच्या कागदावरचं मत

अमेरिकेतल्या आमच्या फ्रीमाँटच्या मराठी वाचक मंडळाची पुस्तकं एका काकांच्या गॅरेजमध्ये, प्लॅस्टिकच्या मोठ्या खोक्यात असतात. भारतात जाणारा प्रत्येक जण येताना बॅगेत दोन पुस्तकांची जागा ठेवतो. पुस्तक खोक्यात टाकण्याआधी त्याच्या शेवटी एक कोरा कागद चिकटवायचा, आणि वाचणाऱ्याने त्यावर एका ओळीत मत लिहायचं. नाव लिहायचं नाही. पण दहा-बारा माणसांत अक्षर लपतंय कुठे!

मागच्या वर्षी मी नागपूरहून एक रहस्यकथा आणली. आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा तिने ती माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली होती. खुनी कोण ते कळल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्स धावत आली. काकांनी त्या पुस्तकामागे लिहिलं, 'याला पुस्तक म्हणणं हा पुस्तकांचा अपमान आहे.' वर बैठकीत ते सगळ्यांना वाचूनही दाखवलं. लोक हसले. मीही हसले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

याचं उट्टं काढायचंच, असं मी ठरवलं. काकांनी खोक्यात टाकलेलं एकेक पुस्तक वाचणार आणि प्रत्येकाची पिसं काढणार.

सूड म्हणून वाचलं की वाचन भराभर होतं. काकांची लाडकी ऐतिहासिक कादंबरी मी सनीव्हेलच्या ऑफिसला जाता-येता कंपनीच्या बसमध्ये संपवली. मागे लिहिलं, 'राजा तीनशे पानं नुसता घोड्यावर चढतोय.' चिंतनपर निबंधांना लिहिलं, 'झोप छान लागली.' एका आत्मचरित्राला, 'लेखकाला स्वतःबद्दल एकही शंका नाही. मला पुष्कळ आहेत.' एक कवितासंग्रह मात्र भयंकर आवडला. तो काकांनी आणलेला निघावा याची चीड आली. त्याचा कागद मी कोराच ठेवला. शत्रूला दाद कशाला द्यायची?

मग खोक्याच्या तळाशी एक भुताची कादंबरी सापडली. कव्हर फाटकं, त्यावर केस मोकळे सोडलेली बाई. दोन दिवसांत वाचली, त्यात एकदा भाजी करपवली. मागच्या कागदावर जांभळ्या शाईत एकच मत होतं. 'खूप आवडलं. तिसऱ्यांदा वाचलं. ह्यांना कळू देऊ नका, हसतील.'

खोक्याच्या झाकणावर पुस्तकांची यादी चिकटवलेली आहे, त्याच शाईत, त्याच अक्षरात. ती काकूंनी केली होती. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली.

मला दया आली असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला घबाड सापडल्यासारखं झालं.

काकांच्या घरी होणाऱ्या वर्षअखेरच्या बैठकीत प्रत्येकाने आपलं सर्वांत आवडतं पुस्तक सांगायचं असतं. माझी पाळी आल्यावर मी ती कादंबरी काढली.

"अगं, हे काय?" काका म्हणाले. "तुझी टेस्ट कधी इम्प्रूव्ह होणार?"

लोक हसले. या वेळी मी हसले नाही.

"काका, मागचं मत वाचून दाखवा ना. तुम्ही छान वाचता."

त्यांनी चष्मा लावला. "खूप आवडलं. तिसऱ्यांदा..." एवढं वाचून ते थांबले. मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि उरलेलं वाचलं. मोठ्याने, सावकाश, एकेक शब्द ऐकू जाईल असं. कुणी हसलं नाही. काकांनी पुस्तक परत मागून घेतलं आणि ते आत निघून गेले. घरी येताना गाडीत मी खूश होते, अगदी घराच्या दारापर्यंत.

पुढच्या महिन्यात ती कादंबरी पुन्हा खोक्यात दिसली, इतर पुस्तकांच्या वर ठेवलेली. मी आधी मागचा कागद उघडला. जांभळ्या ओळीखाली निळ्या बॉलपेनने काकांनी लिहिलं होतं, 'मी हसलो असतो.'