खिडकीतली अर्धी कार्डं

औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला रिकामी खोकी फुकट मिळतात. धाकटी ती इतकी घरी आणायची की तिच्या नवऱ्याने एकदा जाहीरच करून टाकलं, "या घरात औषधं कमी आणि खोकी जास्त, म्हणजे आपण ठणठणीत आहोत." तो घरोघरी फिरून विजेचे मीटर बघायचा, त्यामुळे डोकावायचं आणि शेरा मारायचा ही सवय त्याच्या अंगात मुरलेली. धाकटी त्याच्याकडे लक्ष द्यायची नाही. खोकं उकलायची, घड्या सपाट करायची, आतल्या करड्या बाजूचे तळहाताएवढे चौकोन कापायची. एकदा काळं पेन घेऊन बसली की मग जगबुडी आली तरी उठायची नाही.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. सासू होती तोवर दोन्ही सुनांना थोरली आणि धाकटी एवढीच नावं होती. सासू गेली, नावं मागे राहिली.

ही नक्षी तिला दुकानाच्या मालकिणीने शिकवली. त्या दिवसांत धाकटीचे हात थरथरायचे, गोळ्यांची पट्टी कापताना कात्री भलतीकडेच जायची. मालकीण काही विचारत बसली नाही. तिने खोक्याचा एक तुकडा पुढे सरकवला. "चार कोपऱ्यांत चार टिंबं दे. ती जोडून चौकट कर. आत पेन्सिलीने वाटेल तशी एक रेघ फिरव, म्हणजे कप्पे पडतील. मग एकेका कप्प्यात एकेक नक्षी भरत जा. आणि खोडरबर नाही, आधीच सांगते. चुकलं तर ती चूक नक्षीतच घ्यायची."

हात कशाने थरथरायचे ते आता सांगायला हवं. सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं हगणंमुतणंसुद्धा थोरलीने काढलं होतं, तेही कपाळाला आठी न घालता. कितीतरी दिवसांनी थोरली एका दिवसापुरती माहेरी गेली, आणि नेमकं त्याच दिवशी सासूचं बिनसलं. "थोरलीला बोलवा," म्हातारी सारखं म्हणत होती. फोन धाकटीच्या हाताशीच होता. तिने केला नाही. बिचारी आज कुठे सुटली आहे, संध्याकाळपर्यंत उतार पडेल, असं तिने मनाशी म्हटलं. त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, ती तिने नवऱ्यालासुद्धा कधी सांगितली नाही: एकदा तरी म्हातारीने आपल्या हातचं पाणी प्यावं, असं तिला वाटलं होतं. म्हातारीने ते प्यायलं नाही. थोरली परतली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच उभं राहून ती म्हणाली, "तुला मला एक हाक मारता आली नाही ना? आता मारूच नकोस."

थोरली शब्दाची पक्की. पलीकडच्या कोठीच्या खोलीत तिने दुसरी शेगडी मांडली आणि एका घरात दोन स्वयंपाकघरं झाली. मधे एक अरुंद बोळ, बोळात एक खिडकी. तपभर दोघी त्या बोळातून गेल्या, आल्या. समोरासमोर आल्या की एक जण अंग चोरून भिंतीला लागायची. भांड्याला भांडं लागलं की निदान आवाज तरी होतो. इथे तेवढाही नाही.

एकदा धाकटी अर्धं भरलेलं कार्ड त्या खिडकीत विसरून कामावर गेली. दुपारी येऊन बघते तर उरलेले कप्पे भरलेले. बारीक, मन लावून काढलेल्या रेघा, कमानीला कमान चिकटलेली, कुठे घाई म्हणून नाही. धाकटीच्या लेखी हा थोरलीचा निरोप होता. तोंडाने बोलणार नाही म्हणाली होती, हाताने बोलणार नाही असं कुठे म्हणाली होती?

मग तो नेमच झाला. सकाळी अर्धं कार्ड खिडकीत ठेवायचं, दुपारी पुरं झालेलं उचलायचं आणि बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायचं. त्या जोरावर धाकटीच्या हातांची थरथर थांबली, झोप परत आली. बोळात थोरली समोर आली तर ती आता खाली मान घालून मनातल्या मनात हसायची. थोरलीचा चेहरा तसाच, दगडासारखा. पण मानी बाई आहे, तोंडावर कशी दाखवेल, असं धाकटी स्वतःला समजवायची.

नवऱ्याने सुरुवातीलाच म्हटलं होतं, "अगं, दादा काढत असेल."

"भाऊजींना कधी कागदावर रेघ मारताना पाहिलंय तुम्ही?" धाकटी एवढी तडकली की त्याने पुन्हा विषय काढला नाही.

हे भाऊजी म्हणजे थोरलीचे यजमान. मागच्या खोलीत बसून दातांच्या कवळ्या करायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवले आणि स्वतःचं तोंड उघडलं नाही, अशी घरातली थट्टा होती. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे कपाटावर संशय घेण्यासारखं. आणि खरं सांगायचं तर धाकटीला तो घ्यायचाच नव्हता. कार्डं भाऊजींची निघाली असती तर थोरलीने तिला कधीच उत्तर दिलं नाही, असं झालं असतं. तेवढं सोसायची तिची तयारी नव्हती.

आणि मग थोरली गेली. चार दिवस ताप, मग दवाखाना, तिथून ती परत आलीच नाही. अबोला न मोडता गेली. शेवटच्या सकाळी ठेवलेलं कार्ड खिडकीत अर्धंच राहिलं. धाकटीला ते उचलवेना, म्हणून ते तिथेच धूळ खात पडलं.

काही आठवड्यांनी ती कामावरून आली, तर ते कार्ड भरलेलं.

अंगावर सरसरून काटा आला. भर दुपार, बोळात ऊन पडलेलं. तेच हातवळण, त्याच कमानी. फक्त रेघा कापऱ्या झालेल्या.

तुम्ही म्हणाल, आता तरी शहाणपण सुचावं. पण भीती आणि आशा एका पाटावर बसल्या की शहाणपणाला जागा उरत नाही. धाकटीने दुसऱ्या दिवशी नवं अर्धं कार्ड ठेवलं. तेही भरलं. मग तिला पलीकडच्या स्वयंपाकघरात नळ वाहिल्याचा भास व्हायला लागला. थोरली दिवसातून दहा वेळा ज्या साबणाने हात धुवायची त्याचा वास बोळात रेंगाळायचा. भांडी घासताना पाठीमागे कुणी अंग चोरून भिंतीला लागलंय असं वाटायचं, आणि वळून बघितलं की भिंत तेवढी. ती भ्यायची, आणि एखाद्या दिवशी वास आला नाही तर त्याहून जास्त भ्यायची.

"तू वाळत चाललीस," नवरा म्हणाला. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

कार्डंही बिघडत चालली होती. कधी एखादा कप्पा कोराच राहायचा. कधी पलीकडची रेघ कप्पा ओलांडून धाकटीच्या नक्षीत घुसायची आणि तिच्यावरून फिरायची. धाकटीला वाटलं, थोरली रागावली. इतकी वर्षं माफ केल्यासारखं करून आता तिकडे गेल्यावर सासूने तिला सगळं सांगितलं असणार, त्या पाण्याचंसुद्धा. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो काही केल्या निघेना. दुकानात तिने एका गिऱ्हाइकाला भलत्याच गोळ्या काढून दिल्या. मालकिणीने वेळीच हात धरला आणि तिला चार दिवस घरी बसायला सांगितलं.

घरी बसल्याच्या पहिल्याच दिवशी तिने कार्ड उजेडात नीट पाहिलं. एका कमानीच्या पोटात गुलाबी कण चिकटला होता, मोहरीएवढा. तिने बोटाने दाबला, तो मऊ झाला. मेण. कवळीच्या हिरड्या ज्या मेणात घडवतात तेच. आधीचं कार्ड काढलं, त्यावरही होता. त्याच्या आधीच्यावर दोन.

आता डोळे मिटून चालण्यासारखं नव्हतं. ती कार्ड घेऊन मागच्या खोलीत गेली. भाऊजी दिव्याखाली वाकून मेणात दात रोवत होते. नाकावर चष्मा, हात नुसते थरथरत होते.

"भाऊजी, हे तुम्ही काढता?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मग दुसरं कोण काढणार?"

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. तूच ठेवायचीस ना माझ्यासाठी, अर्धं सोडून?" त्यांनी हत्यार खाली ठेवलं. "या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला आपलं बरं वाटायचं, निदान धाकटी तरी माझ्याशी बोलते. आता डोळ्यांना दिसत नाही गं नीट. तुझ्या नक्षीवर जातं माझं पेन. सांभाळून घे."

धाकटी स्टुलावर बसली आणि तिला रडू फुटलं. तपभर ती ज्या दारावर थाप मारत होती त्या दारामागे कुणी नव्हतंच. थोरली गप्प होती म्हणजे गप्पच होती. भाऊजी गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. तिने सांगितलं तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला.

"तिची समजत होतीस तू? अगं, तिने पेन फक्त किराणा लिहायला धरलं."

"त्यांना माहीत होतं का, तुम्ही काढता ते?"

"कसं असेल? ती अंघोळीला गेली की मी बोळात जाऊन ठेवून यायचो. मी कधी बोललो नाही, तिने कधी विचारलं नाही."

धाकटीने डोळे पुसले. हातातल्या कार्डावरचा गुलाबी कण तिला पुन्हा दिसला. "पण भाऊजी, पूर्वी हे मेण नसायचं."

"कायतरी बोलतेस. माझ्या बोटांना जन्मभर मेण आहे. कपाला लागतं, दाराच्या कडीला लागतं, त्यावरून मी किती बोलणी खाल्ली आहेत."

ती उठली, बिस्किटांचा डबा घेऊन आली आणि जुनी कार्डं टेबलावर पसरली. एकावरही कण नव्हता. मग भाऊजींनी एक कार्ड उचलून दिव्याखाली तिरकं धरलं, दुसरं धरलं, तिसरं धरलं. नक्षीच्या कडेला बारीक चकाकी होती, मेण लागून गेल्यासारखी, आणि तिच्यावर एक ओरखडा. सगळ्यांवर. कार्डाला इजा होणार नाही इतका हलका, खालून वर.

"नख आहे हे," भाऊजी म्हणाले. "तिचं. कपावरचं मेण ती असंच काढायची." बराच वेळ ते त्यावरून अंगठा फिरवत राहिले. "म्हणजे तिला ठाऊक होतं तर."

प्रत्येक कार्ड थोरलीच्या हातातून गेलं होतं. तिने खिडकीतून उचललं, नवऱ्याची खूण नखाने खरवडून काढली आणि होतं तसं परत ठेवलं. कशासाठी? ते तिचंच आहे असं धाकटीला वाटत राहावं म्हणून?

"का हो खरवडायच्या त्या?" धाकटीने विचारलं.

भाऊजी खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. पण ते सरळ माणूस. "काय सांगू? तिला कशावरच डाग खपायचा नाही. लोकाच्या भिंतीवरचासुद्धा पुसायची."

धाकटीला संताप आला, असा की कानशिलं तापली. एवढं रोज उचलून खरवडायला वेळ होता बाईला आणि एक शब्द टाकायला नव्हता. माफ केलं होतं तर सांगायचं, नव्हतं केलं तर कार्ड फाडून फेकायचं. हे कसलं मधलंच ठेवून गेली. तिने डबा उचलला, आता हे सगळं चुलीत घालते म्हणाली. दारापर्यंत गेलीसुद्धा. तिथे बोळ लागला, आणि पलीकडचं स्वयंपाकघर. मधलं अंतर केवढं, तर चार पावलं. ती चार पावलं थोरली चालली नव्हती, हे खरं. पण या बाजूनेही ती तेवढीच होती. खिडकीत रोज कार्ड ठेवायला जाणारी बाई आणखी दोन पावलं टाकून त्या दारात उभी राहू शकली असती, आणि म्हणू शकली असती की ताई, मी मुद्दामच फोन केला नाही, मला वाटलं त्यांनी एकदा माझ्या हातचं पाणी प्यावं. थोरलीने तोंडात मारली असती कदाचित. निदान कळलं तरी असतं.

"धाकटे," मागून भाऊजींनी विचारलं, "उद्या ठेवशील ना कार्ड?"

"ठेवीन," ती म्हणाली, आणि डबा पोटाशी धरून थोरलीच्या रिकाम्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.